नाल्यापलीकडचा ‘होशियार’

अल रुवैसच्या यार्डात माझी बदली झाली तेव्हा मी मनात ‘पोस्टिंग’ असंच म्हटलं. फौज सुटली, शब्द सुटत नाहीत. कतारचं हे उत्तरेकडचं टोक. लहानसं बंदर, मासेमारीच्या होड्या, बाकी सगळा वारा आणि वाळू. बंदराला लागून आमच्या कंपनीचं सामानाचं यार्ड आहे. कुंपण, दोन गेट, कोपऱ्यांवर दिवे, राहायला पोर्टा केबिन. मी तिथला सिक्युरिटी सुपरवायझर. त्याआधी दोह्यात नजमा भागातल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. पाय पसरायचे तर शेजाऱ्याला विचारावं लागायचं. त्या मानाने इथे राजवाडाच म्हणायचा.

माझा टू-आय-सी, म्हणजे माझ्या खालोखालचा, होता मुश्ताक अहमद. पाकिस्तानी फौजेतला रिटायर्ड हवालदार, चकवालचा. उंच गडी, मिशांना मेंदी, आवाज खर्जातला. पहिल्या दिवशी त्याने आधी माझे बूट पाहिले आणि मी त्याचे. दोघांचेही चकाकत होते.

“इन्फंट्री?” त्याने विचारलं.

“इन्फंट्री. नायब सुभेदार.”

“बस. फिर आज से सूबेदार साब.”

खलास. ओळख-परेड संपली.

आमचे गार्ड निम्मे भारतीय, निम्मे पाकिस्तानी, आणि बहुतेक सगळे माजी सैनिक. शिफ्ट बदलताना रांगेत फॉल-इन व्हायचं. पहिल्या संध्याकाळी मी सवयीने ओरडलो, “सावधान!” आपली माणसं टाच आपटून ताठ. पाकिस्तानी मात्र हात पाठीमागे घेऊन तसेच उभे, माझ्याकडे बघत. दुसऱ्या दिवशी मुश्ताकने ऑर्डर दिली, “होशियार!” त्यांच्याकडे सावधानला होशियार म्हणतात. आता त्यांची माणसं ताठ आणि आमची ढिम्म. अर्थ सगळ्यांनाच कळत होता, पण ज्या शब्दावर तरुणपणापासून टाच उचलली तो सोडून दुसऱ्यावर ती उचलतच नाही. पाय डोक्याला विचारत बसत नाहीत.

आमचे ऑपरेशन्स मॅनेजर देशपांडे साहेब पुण्याचे. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते हसून बेजार झाले. मग त्यांनी निकाल दिला की फॉल-इन इंग्रजीत घ्यायचा. “स्क्वॉड, अटेन्शन!” इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, पण आमचं भांडण मिटवायला पुन्हा त्यालाच बोलावावं लागलं.

होशियार हा शब्द मला नवा नव्हता, हे मात्र मी तेव्हा कोणाला बोललो नाही.

ऐन उमेदीत मी एलओसीवर होतो. आमची पोस्ट एका नाल्याच्या वर, त्यांची समोरच्या उतारावर. धुक्यामुळे सकाळी काही दिसायचं नाही. आवाज मात्र पाण्यावरून सरळ यायचा. त्यांचा फॉल-इन सुरू झाला की कोणीतरी जोरात ओरडायचा, “होशियार!” पुढच्या ऑर्डरी त्या मानाने हळू, त्या नाल्यातच राहायच्या. हा एकच शब्द आमच्यापर्यंत पोचायचा. तो आला की आमचा चहा चुलीवर चढायचा.

माझ्या सेक्शनमध्ये नायक दत्तात्रय शेलार होता. एलएमजी मशीनगनवाला, आमच्या शेजारच्या गावचा, भलता मिश्कील. एका सकाळी त्याने पलीकडच्या होशियारला उत्तर म्हणून बेंबीच्या देठापासून “सावधान!” ठोकलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. कंपनी कमांडरने त्याला झाडलं, मग पाठ वळवून स्वतःही हसले.

नंतर फायरिंग सुरू झालं. एका दुपारी टेलिफोनची लाइन तुटली आणि ती जोडायला शेलार खाली गेला. समोरून गोळ्यांचा बर्स्ट आला. अंधार पडेपर्यंत आम्हाला त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही. स्ट्रेचरवर घेतला तेव्हा तो जिवंत होता, वर आणेपर्यंत राहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून नेहमीसारखाच आवाज आला, होशियार. मी कानांवर हात ठेवले. त्या शब्दाची मला पुढे कित्येक वर्षं चीड होती.

रुवैसला एकदा चहा पिताना मी मुश्ताकला ही हकीकत सांगितली. त्याने दोन कप आणि साखरेची बरणी टेबलावर मांडली. ही तुमची पोस्ट, ही आमची, हा नाला. तोही त्याच नाल्यावर होता, पण माझ्यानंतर; त्याची पलटन मात्र तिथे आधीपासून होती. बराच वेळ तो बरणी इकडेतिकडे सरकवत बसला.

“फायर करने वाली मेरी पलटन भी हो सकती थी,” तो म्हणाला.

“हो सकती थी.”

त्याने माझ्या कपात चहा ओतला. शेलारचं नाव त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यानंतर तो विषय आम्ही काढला नाही.

बाकी सगळे विषय निघायचे. संध्याकाळी केबिनबाहेर खुर्च्या टाकल्या की त्याची माणसं त्यांच्या राजकारणावर तुटून पडायची. एक म्हणायचा आमचा नेता आत टाकला, दुसरा म्हणायचा बरं झालं. दोघं सख्खे चुलतभाऊ, पण निवडणुकीपासून एका ताटात जेवत नव्हते. मुश्ताक दोघांनाही दमात घ्यायचा. “वोट डालने गाँव जाना पडता है, और जाने की छुट्टी तुम्हें मिलती नहीं. फिर लडते किस बात पे हो?” आमचा पैसा चालतो, आमचं मत चालत नाही, हे त्याचं कायमचं दुखणं होतं. मी गंमतीने म्हणायचो, आमचंही फार वेगळं नाही, मतदानाला आम्हालाही गावीच जावं लागतं. तेवढ्यापुरती दोन्ही देशांची एकी व्हायची.

मागे दोन्ही देशांत पेटलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून केबिनमधला टीव्ही काढून स्टोअरमध्ये ठेवला. फॉल-इन मात्र एकदाही चुकवला नाही.

त्याच्या जिवाला घोर होता तो मुलाचा. नबील, त्यांच्याच फौजेत लान्स नायक, अफगाण सरहद्दीकडच्या एका चौकीवर. त्या भागात हल्ले सारखे चालायचे आणि सरकार मोबाइलचं नेटवर्क बंद करायचं. मुलाचा मेसेज आला की मुश्ताक ड्युटीवर गुणगुणायचा. नाही आला की गेट तपासलेलं पुन्हा तपासायचा.

“हम नौकरी में सवाल नहीं पूछते थे,” तो एकदा म्हणाला. “अब पूछने की उमर आई, तो बेटा कहता है, अब्बा, फोन पे ऐसी बातें मत किया करो.”

त्याचा पासपोर्ट तेव्हा नूतनीकरणाला गेला होता. तिकडे छपाईच रखडली होती, महिने उलटत होते. “आएगा, इन्शाल्ला,” म्हणून तो सोडून द्यायचा.

तो गुरुवार होता. दुपारची वेळ, बाहेर उन्हाने लोखंडाला हात लावता येत नव्हता. मुश्ताकचा फोन वाजला. नंबर पाहून तो खुर्चीतून उठला आणि ताठ उभा राहिला. तेव्हाच मला कळलं.

“जी सर… जी सर… कब, सर?” थोडा वेळ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “बाकी लडके ठीक हैं?”

फोन खिशात ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. “नबील,” एवढंच म्हणाला. मी त्याला बसवलं. तो बसला आणि लगेच उठला. “जाना है, साब. उस का मुँह देखना है. कंधा देना है.”

पासपोर्टशिवाय विमानात कोण घेणार? मी देशपांडे साहेबांना फोन लावला. दुसरा प्रश्न न विचारता ते स्वतः गाडी घेऊन दोह्याहून निघाले. आम्हाला घेऊन पुन्हा दोह्याकडे.

पाकिस्तानी वकिलातीच्या कचेरीचं शटर खाली आलेलं. पुढचे दोन दिवस सुट्टी. देशपांडे साहेबांनी फोन फिरवून एका अधिकाऱ्याला घरून बोलावलं. माणूस भला होता. त्याने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मान खाली घातली. पासपोर्ट छापलाच गेला नव्हता. रविवारी तात्पुरता कागद करून देता येईल, म्हणाला, त्यावर फक्त घरी जाता येतं, परत येता येत नाही.

“मुझे आना भी नहीं. इतवार से पहले कर दो,” मुश्ताक म्हणाला.

“हवालदार साहब, सिस्टम तिकडे आहे, माझ्या हातात नाही,” अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. त्याचेही डोळे भरले होते.

आम्ही बाहेर फुटपाथवर उभे असताना पुन्हा फोन आला. नबीलचे कमांडिंग ऑफिसर. मुश्ताकने फोन स्पीकरवर टाकला, मला वाटतं त्याला साक्षीदार हवा होता.

“जनाजा सुबह तक गाँव पहुँचेगा,” पलीकडचा आवाज म्हणाला. “आप आ रहे हैं तो हम रोक लेते हैं. एक मसला है. राजधानी की तरफ मार्च निकल रहा है. कल दोपहर से रास्ते बंद करने को सडकों पे कंटेनर लगेंगे. फिर जनाजे के साथ आई हमारे जवानों की पार्टी तीन-चार रोज चौकी पे वापस नहीं जा सकेगी. फैसला आप का.”

देशपांडे साहेब मला मराठीत हळूच म्हणाले, “थांबवतील ना ते? रविवारी कागद मिळाला की सोमवारी हा पोचेल.”

“थांबवतील,” मी म्हटलं. “हा म्हणाला तर.”

मुश्ताक समोरच्या भिंतीकडे बघत होता. गाड्या जात होत्या. मला वाटत होतं, म्हण बाबा, रोको म्हण. एकदा तरी स्वतःचं बघ.

“नहीं सर,” तो म्हणाला. “मत रोकिए. दफन के बाद पार्टी को वापस भेजिए. चौकी पे लडके कम होंगे.”

फोन बंद झाल्यावर त्याने विचारलं, “ठीक किया ना, सूबेदार साब?”

“ठीक किया.”

“उस की माँ पूछेगी तो?”

मी गाडीचं दार उघडून त्याला आत बसवलं. रात्री मी घरी फोन केला तेव्हा माझ्या बायकोने, सुमनने, सगळं ऐकून घेतलं. तिचा भाऊही फौजेत आहे. ती म्हणाली, “त्यास्नी एकलं सोडू नगासा. दोन घास भात तरी घाला पोटात.” मी भात केला. त्याने माझं मन राखायला दोन घास खाल्ले.

शुक्रवारी सकाळी गावाहून त्याच्या पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला. मुश्ताकने फोन दोन्ही हातांत धरला होता. पेटी दिसली, झेंडा दिसला, माणसांची गर्दी दिसली. पुतण्या गर्दीतून वाट काढत पुढे सरकत होता. “चेहरा दिखाता हूँ, चाचा,” त्याचा आवाज आला आणि चित्र थांबलं. मार्चमुळे त्या जिल्ह्यातलंही नेटवर्क बंद केलं होतं. स्क्रीनवर कोणाचा तरी एक खांदा राहिला होता. मुश्ताक त्या खांद्याकडे कितीतरी वेळ बघत बसला. मग फोन पालथा ठेवून तो बंदराजवळच्या मशिदीत गेला. त्याची माणसं मागोमाग गेली, ते भांडलेले दोन चुलतभाऊ एकाच गाडीतून गेले.

संध्याकाळच्या फॉल-इनला तो युनिफॉर्म घालून आला. बूट चमकत होते. मी म्हटलं, “आज रहने दो.”

“घर में बैठ के क्या करूँगा, साब?” तो म्हणाला आणि रांगेच्या उजव्या टोकाला आपल्या जागी उभा राहिला.

मी समोर गेलो. वारा पडला होता. सगळे हात पाठीमागे घेऊन उभे. मी ‘स्क्वॉड’ म्हणायला तोंड उघडलं आणि छातीतून दुसरंच आलं.

“होशियार!”

एवढ्या जोरात मी फौजेतही ओरडलो नसेन. टाचांचा एकच आवाज झाला. भारतीय, पाकिस्तानी, सगळ्यांचा एकच. ज्यांच्या टाचा त्या शब्दावर कधी उचलल्या नव्हत्या, त्यांच्याही उचलल्या. त्यापुढची त्यांची ऑर्डर मला येत नव्हती. नाल्यापलीकडून एवढा एकच शब्द माझ्यापर्यंत पोचला होता. म्हणून मी नुसता सॅल्यूट केला आणि हात तसाच ठेवला. मुश्ताक समोर बघत ताठ उभा होता. मिशांवरून पाणी ओघळत होतं, पण त्याने ते पुसलं नाही. फॉल-इनमध्ये हात हलवायचा नसतो.

माणसं आपापल्या गेटवर गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

“वो आप का जवान,” तो म्हणाला. “नाले वाला. उस का नाम क्या था?”

“दत्तात्रय. दत्तात्रय शेलार.”

“दत्ता… दत्तरे…” त्याची जीभ अडखळली. “फिर से बोलिए, साब.”

मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा म्हणून पाहिलं.

पुढे त्याचा पासपोर्ट आला आणि तो कायमचा गावी गेला. आधी कबरीवर गेला, मग घरी, असं त्याने फोनवर सांगितलं. त्याची खुर्ची अजून केबिनबाहेर आहे. नवा टू-आय-सी तिच्यावर बसायला लागला की मी उगाचच त्याला कामाला लावतो. संध्याकाळ झाली की मला त्या माणसाची फार आठवण येते.

दर सुट्टीत मी शेलारच्या आईला भेटून येतो. म्हातारी आता थकली आहे. चहा ठेवते आणि दत्तूची कोणी आठवण काढतं का, असं हटकून विचारते. आजवर मी पलटणीतल्या दोस्तांची नावं सांगत आलो. या खेपेला मुश्ताकचं नाव सांगणार आहे. सांगेन, तो पलीकडचा आहे, त्याचाही नबील नावाचा मुलगा फौजेत असताना गेला, आणि ज्या दिवशी त्याने तो मनाने पुरला त्याच दिवशी त्याने तुमच्या दत्तूचं नाव विचारून घेतलं, आणि नीट म्हणता येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.