मिस्त्रीचे गुडघे

आमचा सॉफ्टबॉलचा संघ यंदाच्या हंगामात शेवटून दुसरा आला. शेवटून पहिल्या आलेल्या संघातले दोघे-तिघे मध्येच बदली होऊन परगावी गेले म्हणून, नाहीतर तो मानही आमचाच होता. तरी हंगाम संपल्यावर आम्ही मिस्त्रीच्या कारखान्यात जमलो तेव्हा सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की इतका चांगला हंगाम आपल्या वाट्याला आजवर आला नव्हता. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर तो आम्हाला वेड्यात काढेल. म्हणून आधी मिस्त्रीबद्दल सांगायला हवं.

मिस्त्री आमचा कॅचर. चेंडू टाकतो तो पिचर, आणि बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून तो झेलतो तो कॅचर. सबंध सामनाभर ऊठबस करायची, छातीवर पत्रा बांधल्यासारखं ते जाड जाकीट, तोंडावर जाळी. तरुण माणसालाही घाम फुटावा असं काम, आणि मिस्त्री साठीच्या पुढचा. धंदा फर्निचरचा. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, त्यात पायाखाली कायम भुसा आणि नाकात सरसाचा वास. उजव्या हाताची अनामिका करवतीच्या यंत्रानं अर्धी नेलेली. कॅचर बोटांच्या खुणांनी पिचरला सांगतो, कुठला चेंडू टाक. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे सावकाश, तीन म्हणजे खालचा. मिस्त्रीची तीन बोटं भरतात अडीच. समोरच्या संघांनी वर्षानुवर्षं आमच्या खुणा चोरायचा प्रयत्न केला, पण त्या अडीच बोटांचा हिशेब कुणाला लागला नाही.

आमचे पिचर म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, गाडी चालवायला शिकवणारे. आमच्या निम्म्या गावानं स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते त्यांच्या शेजारी बसून. शिकणारा गाडी थेट भिंतीवर नेत असला तरी मास्तर शांतपणे विचारणार, "आता जरा ब्रेक दाबू या का?" चेंडूही तसाच टाकायचे, बिनबोभाट. त्यांचा खालचा चेंडू तर बघत राहावा असा. कमरेच्या उंचीवर येतोय असं वाटेवाटेपर्यंत बॅटवाल्याच्या पायाशी बुडायचा. बॅट फिरायची हवेत. मात्र असा चेंडू अडवायचा तर कॅचरनं गुडघे टेकून जमिनीशी जायला हवं, नाहीतर तो सरळ मागच्या कुंपणापर्यंत.

मास्तर मिस्त्रीचे भावोजी. मिस्त्रीची मोठी बहीण त्यांना दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा मिस्त्रीला या ताईनंच वाढवलं. त्याची नखं कापण्यापासून त्याच्यासाठी मुलगी बघण्यापर्यंत सगळं तिनं केलं. मैदानावर त्याला पाठवलं तेही तिनंच. "दिवसभर रंधा मारून मारून लाकूड झालायस नुसता. जा, भावोजींबरोबर चार माणसांत मिसळ," असं म्हणाली आणि मिस्त्री आला. सामन्याला ती कडेला घडीच्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसायची. आम्ही हरलो तरी म्हणायची, "खेळलात मात्र छान." तिला खेळ फारसा कळत नव्हता, पण आमच्यापैकी कोण घरी काही न खाता आलाय हे तिला लांबूनच कळायचं.

चार वर्षांपूर्वी ताई आजारी पडली. त्याच सुमाराला मिस्त्रीच्या मुलीचे दिवस भरत आले होते. मुलगी लांबच्या शहरात, तिची तब्येत नाजूक, म्हणून मिस्त्री आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दोघंही तिच्याकडे जाऊन राहिली होती. ताईनं मास्तरांना बजावलं, त्याला कळवायचं नाही. नातवंड सुखरूप घरी येऊ दे, मग मीच सांगते. मास्तरांनी ऐकलं. फोनवर दोघंही हसून बोलायची. नातू झाला, सगळं नीट पार पडलं, पण ताईच्या दुखण्यानं तेवढा धीर धरला नाही. मिस्त्री परतला तो थेट अंत्यविधीला.

तेव्हा तो रडला नाही. सगळं आटोपल्यावर मास्तरांसमोर येऊन एवढंच म्हणाला, "तुम्ही मला परकं केलंत, भावोजी." त्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही.

आम्हाला वाटलं, संघ मोडला. पण पुढचा हंगाम आला तसे दोघंही सरावाला हजर. मास्तर चेंडू चोळत मधोमध उभे, मिस्त्री जाळी चढवून आपल्या जागी. मिस्त्री खाली बसला, हात मांड्यांच्या मध्ये नेला आणि दोन बोटं दाखवली. मास्तरांनी मान हलवून सावकाश चेंडू टाकला. एवढ्यावर चार हंगाम निघाले.

खुणांत न मावणारं काही असलं की मध्ये मी. माझं औषधांचं दुकान, म्हणून मला सगळे केमिस्ट म्हणतात. मी मास्तरांच्या पाठीमागे, दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्यानं टेकायच्या दुसऱ्या थांब्यावर असतो. मिस्त्री ओरडायचा, "केमिस्ट, त्यांना सांग, हा डावरा आहे." मास्तर ढळढळीत ऐकत असायचे. तरी मी पुढे होऊन सांगायचं, "मास्तर, हा डावरा आहे." मग मास्तर म्हणायचे, "त्याला सांग, दिसतंय मला." एकदा मी वैतागून म्हटलं, "माझा पगार तरी ठरवा." दोघंही हसले. पण एकमेकांकडे न बघता.

यंदाच्या हंगामात मिस्त्रीचे गुडघे गेले. तसे आमच्या संघात बॅटींपेक्षा मलमाच्या नळ्या जास्त, त्यामुळे कुणी कुरकुरलं तर आम्ही मनावर घेत नाही. पण मिस्त्री कुरकुरत नव्हता. तो फक्त उठताना जमिनीला हात टेकायला लागला. मग दोन्ही हात टेकायला लागला. माझ्या दुकानातून गोळ्या नेताना म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगू नकोस." मी म्हटलं, "बाबा रे, रोज तुझ्या पायाला शेक कोण देतं? तिला काय माहीत नाही?" तो ओशाळला. डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ मनाई केल्याचं त्यानं मला त्याच दिवशी सांगितलं. पण दुसरा कॅचर आणायचा कुठून? आमच्यात उरलेल्यांपैकी एकाला पाठीचा पट्टा, एकाला चष्म्याशिवाय मैदानही दिसत नाही.

त्याच सुमाराला आम्ही सपाटून हरायला लागलो. कारण मास्तरांचा खालचा चेंडू खाली जाईना. मिस्त्री अडीच बोटं दाखवायचा, मास्तर मान हलवायचे, आणि चेंडू यायचा मस्त कमरेवर, बॅटवाल्याला ताटात वाढल्यासारखा. तो तडकावून द्यायचा आणि आम्ही आपली पोटं सांभाळत कुंपणाकडे धावायचो. सामन्यामागून सामने गेले. आमच्यात कुजबुज सुरू झाली, की मास्तर थकले, मनगटात जोर राहिला नाही. त्यांना कसं सांगायचं यावर माझ्या दुकानात दोन बैठका झाल्या आणि कुणालाच तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

शेवटच्या आधीचा सामना. दुपार कलली होती. आम्ही एका धावेनं पुढे होतो, म्हणजे आमच्या मानानं आश्चर्यच, आणि त्यांचा शेवटचा डाव चालू होता. त्यांचे दोघं आउट झालेले, तिसरा झाला की सामना संपला, दोघं बेसवर, आणि बॅट घेऊन आला तो त्यांचा सगळ्यात दांडगा गडी, बेकरीवाला. मिस्त्रीनं अडीच बोटं दाखवली. चेंडू आला कमरेवर. बेकरीवाल्यानं असा हाणला की गेलाच म्हणालो, पण नशिबानं रेषेच्या बाहेर पडला. मिस्त्रीनं पुन्हा तीच खूण केली. पुन्हा चेंडू तिथेच. पुन्हा फटका, पुन्हा थोडक्यात बाहेर. त्याच्या दोन संध्या गेल्या; तिसरी हुकली आणि चेंडू कॅचरनं धरला, की तो आउट.

मिस्त्रीनं पंचांना हात करून खेळ थांबवला. जमिनीला हात टेकून उठला, जाळी डोक्यावर सरकवली आणि लंगडत मास्तरांकडे चालू लागला. मी सवयीनं पुढे झालो, निरोप घ्यायला. त्यानं मला हातानं बाजूला केलं.

"भावोजी, खाली टाका," तो म्हणाला.

चार वर्षांत मास्तरांनी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. ते चेंडूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझे गुडघे."

"सगळा हंगाम तुम्ही मुद्दाम वर टाकताय."

"तुला खाली जाववत नाही. उठताना कसा उठतोस ते मी समोरून बघतो. बाकीच्यांचं लक्ष बॅटवाल्याकडे असतं."

"मग मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो ना. पण मी म्हणालो असतो. माझ्या वाटचं दुखणं तुम्ही परस्पर ठरवून टाकता. तेव्हाही तेच केलंत. मला त्रास नको म्हणून मला बाहेर ठेवलंत. मला तो त्रास हवा होता, भावोजी. ती माझी आई होती."

मैदानावर कुणी हलत नव्हतं. पंच लांबून घड्याळाकडे बघत होते, पण पुढे आले नाहीत. समोरच्या संघाला शब्द ऐकू जात नसणार. तरी बेकरीवाल्यानं बॅट खाली टेकवली आणि तो पाठ करून उभा राहिला.

मास्तर म्हणाले, "तिनं शपथ घातली होती मला."

"माहितीये. ती घालणारच. तुम्ही मोडायची होतीत."

मास्तरांनी चेंडू ग्लोव्हमध्ये ठेवला. मग म्हणाले, "रोज फोन उचलून ठेवायचो. आज सांगू, आज सांगू. ती पलंगावरून बघत असायची. माझं चुकलं रे."

आयुष्यात मी बरीच माणसं चूक कबूल करताना पाहिली आहेत. बहुतेकांच्या वाक्यात एक 'पण' असतो. मास्तरांच्या नव्हता. मिस्त्रीनं मनगटानं डोळे पुसले, म्हणाला, "बरं. आता खाली टाका. अडवायचं माझं मी बघतो." आणि लंगडत परत गेला.

अडीच बोटं. मास्तरांनी मान हलवली. तो चेंडू मी त्यांच्या पाठीमागून पाहिला. कमरेच्या उंचीवर निघाला, बेकरीवाल्याची बॅट फिरली आणि चेंडू त्याच्या पायाशी बुडाला. मिस्त्री दोन्ही गुडघ्यांवर धाडकन खाली गेला. धूळ उडाली. पंचांनी वाकून बघितलं. चेंडू मिस्त्रीच्या पोटाशी, दोन्ही हातांत गच्च धरलेला होता. आम्ही जिंकलो.

मिस्त्रीला मात्र उठता येईना. आम्ही धावलो, पण मास्तर आधी पोचले होते. त्यांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. चांगला जडशीळ माणूस, मास्तर तसे किडकिडीत, दोघंही पुन्हा पडायच्या बेतात. बेकरीवाल्यानं मागून आधार दिला म्हणून निभावलं.

शेवटचा सामना आम्ही पाठीच्या पट्टेवाल्याला कॅचर करून खेळलो आणि दणदणीत हरलो. मिस्त्री कडेला घडीच्या खुर्चीवर पाय लांब करून बसला होता. चेंडू निसटून कुंपणाकडे गेला की मोठमोठ्यानं सूचना द्यायचा, थेट मास्तरांना. मला पहिल्यांदाच खेळाकडे लक्ष देता आलं, त्याचा काही उपयोग झाला नाही ती गोष्ट वेगळी.

पुढच्या रविवारी आम्ही कारखान्यात जमलो. मिस्त्रीनं अर्धवट झालेल्या कपाटावर फळी टाकून टेबल केलं होतं, वहिनींनी चहा आणि केक दिला. दरवर्षीप्रमाणे प्रत्येकानं हंगामातली आपली आठवण सांगितली. चष्मेवाल्यानं, चष्मा विसरूनही घेतलेल्या झेलाची. पाठीच्या पट्टेवाल्यानं आपली एकुलती एक धाव, ती दरवर्षी सांगताना थोडी लांबते. कप्तानानं विचारलं, "पुढच्या वर्षी कॅचर कोण?" सगळे चहात बघायला लागले.

"मी शिकवतो कुणाला तरी," मिस्त्री म्हणाला. "मी आता पहिल्या बेसवर उभा राहणार. उभं राहायला डॉक्टरांची हरकत नाही."

"आधी ऑपरेशन," मास्तर म्हणाले. "तारीख घेतलीय यानं. मी नेणार आहे."

"तुम्ही चालवणार म्हणजे आपण पोचेपर्यंत दवाखाना बंद होईल."

"मग तू चालव."

"मला कुठे येते गाडी?"

"अरे, बायकोच्या भावाला गाडी शिकवायची राहूनच गेली," मास्तर म्हणाले आणि सगळे हसले. मास्तरही हसले, मग रिकाम्या बशीकडे बघत राहिले. वहिनींनी त्यांच्या पुढ्यात केकचा दुसरा तुकडा ठेवला.

निघायच्या वेळी आम्ही बॅटी आणि ग्लोव्ह पोत्यात भरत होतो. मागे बाकावर ते दोघंच होते. मिस्त्रीनं विचारलं, "शेवटी शेवटी जेवत होती का ती?"

मास्तरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "पेज घ्यायची थोडी. नातवाचा फोटो आला त्या दिवशी सगळी वाटी संपवली. उशीखाली ठेवायची तो फोटो. म्हणायची, कान अगदी त्याच्यावर गेलेत."

"काय म्हणायची?"

"कान तुझ्यावर गेलेत म्हणून."

मिस्त्रीनं नकळत आपल्या कानाला हात लावला. "अजून सांगा," तो म्हणाला.

आम्ही पोतं उचललं आणि आवाज न करता बाहेर आलो. वहिनींनी आतून शेडचं दार ओढून घेतलं.