अर्धा गुंड

साखरखेर्ड्याला मी मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. नवीन राज्य झालेलं, नवीन लग्न झालेलं आणि उजवा गुडघा मात्र जुना झालेला. गावच्या कबड्डीच्या संघात चढाईला मीच जायचो आणि परत वळताना गुडघा दगा द्यायचा. दोनदा मुरगळला. बाजारातल्या हाडवैद्य चाचांनी दुसऱ्या वेळी तेल चोळता चोळता बजावलं, आता तिसऱ्यांदा आलात तर खेळणं विसरा. आणि पुढचा सामना होता बीबीला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला. तिथे जावई लंगडत मैदानाबाहेर गेला असता तर मी शाळासुद्धा सोडली असती.

इलाज सापडला तो घरातच. एका दुपारी मी अंगणात एकटाच चढाईचा सराव करत होतो आणि बायको दारात बसून तूर पाखडत होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "तुमी वळता तवा धड आंधी वळते, पाय मांगून येते. मंग गुडघ्यानं काय करावं?"

मला राग आला. जिने आयुष्यात कधी कबड्डीची मधली पाटी ओलांडली नाही, ती मला शिकवणार? तिने वाद घातला नाही. डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर विहिरीवरून आणलेला पाण्याचा भरला पितळी गुंड ठेवला आणि अंगणात गर्रकन वळून दाखवलं. हनुवटी वर, गुडघे किंचित वाकलेले, आधी पाऊल फिरलं, मग कंबर. गुंडातलं पाणी हललंसुद्धा नाही.

मग दाराला कडी लावून माझी शिकवणी सुरू झाली. पहिले चार दिवस मी नुसत्या आंघोळी केल्या. धड आधी वळलं की पाणी अंगावर, मान पुढे काढली की पाणी अंगावर. मग रिकाम्या गुंडावर उतरलो आणि तिथून महिनाभरात अर्ध्या गुंडावर आलो. एवढ्यात शेजारणीने भिंतीवरून पाहिलं आणि मास्तर घरात पाणी भरतात ही बातमी संध्याकाळच्या आत वेशीपर्यंत गेली. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन, घरातल्या आजारी आहेत का, अशी चौकशी केली. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून पेजेचं भांडं आलं, ते आम्ही दोघांनी संपवलं.

बीबीचा सामना खळ्यावर झाला. समोर माझा धाकटा मेहुणा; माझ्या बायकोला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, तो बाई म्हणायचा. त्याच्या हाती घोटा लागला की माणूस आडवा, ही त्याची ख्याती पंचक्रोशीत होती. शेवटची चढाई माझी. एकाला शिवलो, आधी पाऊल फिरवलं, मग कंबर, आणि मेहुण्याने झडप घातली ती थेट कमरेला. मी त्याला घेऊन मधल्या पाटीवर पडलो. आम्ही जिंकलो. गुडघा शाबूत.

पुढे आठवडाभर मी गावाला वीट आणला. वर्गात पोरांना डोक्यावर पाट्या ठेवून चालायला लावलं, दोन फुटल्या. दिवाळीला सासरी गेलो तेव्हा जेवताना मेहुण्यालाही सोडलं नाही. घोटा समोर असताना कंबर धरणारा कसला गडी, असं त्याला चांगलं ऐकवलं. तो खाली मान घालून भाकरी चुरत राहिला. शेवटी म्हणाला, "दाजी, घोटा धरू नको असा बाईचा निरोप आल्ता मले."

पंगतीत कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. परतीच्या एस.टी.त मी बायकोकडे पाठ करून बसलो. लाज वाटत होती आणि तिचा रागही येत होता. गाव दिसायला लागल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तवर तुमी अर्ध्याच गुंडावर व्हता. मले भरवसा नव्हता."

त्यानंतर वर्षभर मी भरला गुंड घेऊन वळलो, तेही दार सताड उघडं टाकून. ज्यांना बघायचं त्यांनी बघितलं. पुढच्या सामन्याआधी बीबीच्या खळ्यावर सगळ्यांसमोर मेहुण्याला सांगितलं, या वेळी घोटाच धरायचा, निरोपबिरोप ऐकायचा नाही.

त्याने धरला. शेवटच्याच चढाईत, वळताना, उजवाच. मी सपशेल तोंडावर आपटलो, दम तुटला, सामना गेला. मग माझा मीच उठलो आणि त्याच पायावर भार देऊन उभा राहिलो. बायकांच्या घोळक्यात ती होती. तिने आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग हसून तोंडाला पदर लावला. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. हरूनही हसतो म्हणून आमच्या कप्तानाने मला पुढचे दोन सामने बाहेर बसवलं.