सुमनला बसायला जागा शोधली, त्याची हकिकत

प्रमोदचा फोन आला तेव्हा मी अंगणात मिरच्या पसरत होते. प्रमोद म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा मुलगा. नवरा गेल्यावर त्याने तिला गावाहून नागपूरला, मनीषनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेलं, त्याला चार महिने झाले.

"मावशी, आई खालीच उतरत नाही गा. पाचव्या माळ्यावर बसून राहते. काही विचारलं का म्हणते, बरं आहे."

हे 'बरं आहे' ऐकून मात्र मी मिरच्या तशाच टाकून उठले. आमच्या सुमनला आयुष्यात कधी काही बरं वाटलेलं नाही. स्वतःच्या लग्नातल्या बुंदीला तिने नावं ठेवली होती, तीही नवरीच्या साडीत. ती 'बरं आहे' म्हणते म्हणजे दुखणं मोठं. मी ठरवलं, तीन दिवस जायचं आणि नागपुरात तिला बसायला एखादी जागा पाहून द्यायची. सोबत माझी नात नेहा. मी बोलते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका दिसल्या तर तिच्या समजा.

खाप्याहून सकाळची एसटी बरी, उन्हाआधी पोचवते. बायांना अर्धं तिकीट, आणि माझ्यासारख्यांना तर फुकट. कंडक्टर म्हणाला, "आजी, आधार कार्ड दाखवा." मी म्हटलं, "तोंड पाह्य गा, सुरकुत्या मोजून घे." हसला, पण कार्ड पाहिलंच त्याने. पुढे सीताबर्डीहून मेट्रो. पाट्या वाचता येत नाहीत म्हणून कोणी घाबरू नका. नेहा मोबाइलात बुडालेली, तेव्हा मी प्रत्येक स्टेशनला शेजारणीला विचारत गेले, आणि तिसऱ्या स्टेशनापर्यंत तिच्या सासूच्या गुडघ्याची सगळी कहाणी मला पाठ झाली. वाचता येणाऱ्यांना हे मिळत नाही.

सुमन गॅलरीत खुर्चीवर बसली होती. खाली पाहत नव्हती, समोरही पाहत नव्हती.

"कसं आहे वं इथं?"

"बरं आहे, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ओढतच बागेत नेलं. तिथे हास्य क्लब आहे. प्रवेश फुकट, फक्त वेळेवर यावं लागतं. शिट्टीवाले काका म्हणाले, "हात वर! हा हा हा!"

मी विचारलं, "विनोद कोणता झाला जी?"

"आजी, विनोद नसतो. तसंच हसायचं."

"आमच्या गावात तसंच हसणाऱ्याले बाहेरचं लागलं म्हणून भगताकडे नेतात."

यावर तीन बाया खऱ्या हसल्या आणि काकांची मोजणी चुकली. सुमन मात्र शिट्टीबरहुकूम हसली. हात वर, हात खाली. तिच्याकडे पाहवेना.

बागेबाहेर तर्री पोह्याची गाडी लागते. पोह्यावर चण्याची लाल तर्री, वर कच्चा कांदा. पुण्याकडच्या वाचकांनी तर्री अर्धीच मागावी. सकाळी आठच्या आत जा, नंतर तळाचा गाळ मिळतो. आम्हाला गाळच मिळाला. मी सुमनकडे आशेने पाहिलं. "बरं आहे," म्हणाली आणि प्लेट पुसून खाल्ली.

दुपारी महालात, म्हणजे जुन्या नागपुरात गेलो. ऑटोवाला गल्लीत शिरायला तयार नव्हता, तेव्हा शेवटचा तुकडा पायीच. एका लहानशा सावजी भोजनालयात पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा मागवला. बाकं लाकडाची, वाढणारी बाई मालकीणच. रस्सा असा की पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. नेहाने दोन तांबे पाणी संपवलं. मालकीण म्हणाली, "आज कमीच तिखट आहे वं पोरी, पाहुणे आहेत म्हणून." सुमनच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक वाहत होतं.

"सुमन, कसा आहे रस्सा?"

"बरा आहे, ताई."

ते पाणी मिरचीचंच होतं, की मिरचीच्या आडून दुसरं काही होतं, मला कळलं नाही. परतताना ऑटोत मी एकही टोमणा मारला नाही. नेहाने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तिसऱ्या दिवशी शनिवार. प्रमोदच्या घरामागे एक समाजभवन आहे. वर लग्नाचा हॉल, खाली महिला मंडळ. शनिवारी दुपारी कोणीही जाऊन बसावं, चहा मिळतो. रविवारी त्यांचा वार्षिक कार्यक्रम होता आणि दहा-बारा बाया सतरंजीवर सांभारवडीच्या तयारीला बसल्या होत्या. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, पारीत भरून तळायची. सांभार इतका की नुसता हिरवा डोंगर. मंडळाच्या सेक्रेटरीबाई मोबाइल समोर धरून कृती वाचत होत्या. आम्हाला भिंतीशी तीन खुर्च्या दिल्या. पाहुण्या ना आम्ही!

सेक्रेटरीबाईंनी सांभारावर खोबरं टाकलं, खसखस टाकली. मग मिठाची वाटी उचलली.

"थांबा!"

मी दचकले. सुमन उभी होती.

"आत्ताच मीठ काहून टाकून राहिल्या? वड्या तर उद्या भराच्या आहेत ना? रातभर पाणी सुटंल. तेलात बाँबसारख्या फुटतील एकेक!"

"अहो, पण इथे तसंच लिहिलंय," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"वड्या लिहिणाऱ्याले तळाच्या आहेत, की तुम्हाले?" सुमनने मूठभर सांभार उचलून दाबला. "अन् हा वाळवला कोणी? ओला गच्च आहे. पंख्याखाली धोतर पसरा, दोन धोतरं पसरा! ह्या काड्या कोणी चिरल्या वं? बकरीले टाकाच्या आहेत का?"

एक बाई उठून पंखा लावायला गेली. दुसरी हळूच म्हणाली, "काड्या मी चिरल्या."

"तं आण तो विळा. पाह्य."

ती सतरंजीवर बसली. चार महिन्यांनी तिचं तोंड तिच्यासारखं झालं होतं. मी खुर्चीतच राहिले. मलाही सांभार चिरता येतो, पण चहा आला होता.

परतीची एसटी चुकवून नंतरच्या गाडीने खाप्याला आले. मिरच्या कुणीतरी नीट गोळा करून ठेवल्या होत्या, म्हणजे माझ्यावाचून इथलं काही अडलं नव्हतं. हेही प्रवासातच कळतं. मग बरेच दिवस प्रमोदचा फोन नाही. मला वाटलं, गेली पुन्हा गॅलरीत.

परवा फोन आला. आवाज रडवेला.

"मावशी, तू काय करून गेली! आई मंडळात भांडली. सेक्रेटरीबाई तिच्याशी बोलत नाही. अर्ध्या बाया आईकडून, अर्ध्या तिकडून. आईकडच्या रोज आमच्या सोफ्यावर बसून राहतात, मले टीव्ही पाहाले जागा नाही. मी म्हटलं, आई, सोडून दे ते मंडळ, कशाले डोक्याले ताप! तर माझ्यावरच ओरडली. म्हणते, 'माझ्या मंडळात असं चालणार नाही.'"

"काय म्हणते?"

"माझ्या मंडळात असं चालणार नाही."

"आवाज कटून राहिला गा प्रमोद," मी खोटंच म्हटलं. "पुन्हा सांग."