काठावरून धरलेलं पाणी

चिंचपोकळीच्या पुलाजवळ कुशाबाचं लेथचं वर्कशॉप आहे. तिथं भिंतीलगत लोखंडी घोड्यांवर पाणी वाहायचा काचेचा एक लांबलचक पाट मांडलेला होता. तो अपेक्षा घाडीगावकरचा. गिरणी कामगाराची ही नात पाण्याच्या वाहण्यावर संशोधन करत होती. कॉलेजात पाटाला जागा मिळेना, तेव्हा आजोबांच्या या जुन्या शेजाऱ्यानं आपला कोपरा रिकामा करून दिला.

पाणी मंद वाहत असलं की त्यात सोडलेली शाईची रेघ सरळ जाते. वेग वाढला की ती थरथरते, वळवळते आणि शेवटी फाटून पाटभर पसरते. अपेक्षाचे मार्गदर्शक अजित सर म्हणत, वेग कमी कर, नाहीतर मध्ये जाळी घाल. अपेक्षाला दोन्ही नको होतं. वाहत्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, काठालाच शहाणं करायचं, हा तिचा हट्ट. म्हणून तिनं दोन्ही काठांना बारीक भोकं पाडून घेतली होती. पाणी जिथं थरथरेल तिथला काठ थेंबभर पाणी ओढून घ्यायचा किंवा सोडायचा, आणि थरथर वाढण्याआधीच विरून जायची. कोणत्या भोकानं कधी, किती ओढायचं ते पाटाला जोडलेला कॉम्प्युटर ठरवायचा. घरी लग्नाचं विचारायला येणाऱ्यांनाही ती हेच समजावून सांगे. ती माणसं चहा पिऊन निघून जात.

सरांनी शेवटचं सांगितलं होतं: दसरा झाला की दाखव. नाही जमलं तर पाट मोडायचा आणि दुसरा विषय घ्यायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर आले. पंप सुरू झाला. शाईची रेघ अर्ध्या वाटेपर्यंत नीट गेली आणि तिथं भरकटली. सर हळू आवाजात म्हणाले की प्रयत्न चांगला होता. अपेक्षा काचेवर वाकली. डाव्या काठाची काही भोकं लालपिवळी होऊन बुजली होती.

कुशाबाचा चेहरा उतरला.

"दसऱ्याला सगळ्या मशिनींना हळद-कुंकू लावलं, पोरी. तुझ्या काचेला तेवढं कसं वगळू? पाहुणी म्हणून जरा जास्तच लावलं."

सर हसले. म्हणाले, साफ करून घे, पुढच्या आठवड्यात बघू. सुटकेची वाट होती ती. पण अपेक्षाला ती टोचली. खऱ्या कालव्याची, खऱ्या नळाची भोकं बुजणारच; तेव्हा काय पुढच्या आठवड्यात या म्हणायचं?

"नाही सर, आत्ताच. बुजलीत ती बुजलेलीच राहू देत."

"अगं, हट्टाला काही मर्यादा?"

"पाट मोडायचा तर मोडू. पण धुऊनपुसून जिंकायचं नाही मला."

ती कॉम्प्युटरपुढं बसली. बुजलेल्या भोकांचं काम तिनं त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या भोकांवर वाटून टाकलं. पहिल्यांदा रेघ आणखीच बिथरली. कुशाबानं तोंड फिरवलं. तिनं ओढ थोडी कमी केली, पुन्हा पाणी सोडलं. रेघ त्या जागी आली, थरथरली, काठानं तिला अलीकडून धरलं, पलीकडून सावरलं, आणि ती जराशी वाकून पुढं सरळ निघून गेली.

सरांनी पाटावर वाकून रेघ शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "या वेगाला जमलं. जास्त वेगाला नाही टिकायचं."

अपेक्षानं उठून पाण्याच्या कॉकवर हात ठेवला आणि तो आणखी उघडला.