गाडीचा आवाज

तत्त्वज्ञानाच्या तासाला सर म्हणाले, जनावराला ज्ञान नसतं, सवय असते. मी फटकन विचारलं, "आणि माणसाला काय असतं?" वर्ग हसला, सर हसले नाहीत. मला राग आला होता, कारण म्हशी आमच्या घरात होत्या, त्यांच्या नव्हत्या.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मोटारसायकलमागं पळवतात. त्यासाठी, आवाज मोठा फुटावा म्हणून, वडिलांनी आपल्या गाडीच्या सायलेन्सरची जाळी कायमचीच काढून टाकली होती. रस्ताभर गाड्या फटफटत असल्या तरी आमची म्हैस आमच्याच गाडीच्या आवाजामागं धावायची, आणि तोच आवाज गल्लीत आला की आई चहा ठेवायची.

एका पावसाळ्यात वडील गेले. दिवाळीनंतर दादानं गाडी कागलच्या एमआयडीसीत जाणाऱ्या एकाला विकली. पुढं एका सकाळी मी शेण काढत होते आणि तीच गाडी गल्लीतून गेली. म्हशीनं हिसडा देऊन खुंटाच उपटला. ती गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि गल्लीच्या तोंडाशी उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता. मी अनवाणीच पळत सुटले.

मागं म्हैस बघून तो माणूस घाबरला आणि त्यानं गाडी आणखी पिळली. तशी तीही जोरात सुटली. समोरून भरलेली ट्रॉली येत होती.

"पावणं, गाडी बंद करा की! बंद करा!"

त्या फटफटीत त्याला काय ऐकू जाणार! शेवटी चहाच्या टपरीवरची माणसं रस्त्यात आडवी झाली, तेव्हा त्यानं किल्ली फिरवली. आवाज थांबला, म्हैस थांबली. ट्रॉली तिला घासूनच गेली.

धापा टाकत तिनं त्याचा हात हुंगला, मग सीट हुंगली. एकदा फुरफुरली आणि मान फिरवली. तिला आवाज बरोबरच कळला होता, फक्त गाडीवरचा माणूस बदलला होता. आपलं तरी काय वेगळं? कानाला, नाकाला रोज जे खरं ठरतं, त्यालाच आपण कळणं म्हणतो. खोटं ठरलं की पुन्हा हुंगायचं. सर याला खुशाल सवय म्हणोत.

दावं धरून मी तिला घरी आणलं. आई दारात उभी होती. हातात चहाचा कप, डोक्यावर सारखा केलेला पदर.

"गाडी वाजली की," ती म्हणाली. "कुठं थांबल्यात त्ये?"

म्हशीला वासानं कळलं होतं. आईला मला सांगावं लागलं.