घाई नसलेली पाहुणी

भूकंपाच्या आधीही आमचं फार बरं चाललं होतं असं नाही. निलंग्याकडच्या एका खेड्यात दगडमातीच्या दोन खोल्या. वडील दुसऱ्याच्या रानात सालानं, आई खुरपायला. मी दहावीत असताना एका पहाटे त्या दोन्ही खोल्या बसल्या. आईनं धाकट्या सुनंदाला काखेत मारलं आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. वडीलही बाहेर आले होते. पण आजी आत राहिली म्हणून ते परत गेले, आणि दोघंही आतच राहिले. पुढं पत्र्याच्या शेडात दिवस काढून आई आम्हाला घेऊन लातूरला आली.

लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येत, आणि आलेल्या पोराला दोन वेळा जेवायला लागतंच. आईनं खानावळ काढली. त्या खानावळीच्या चपात्यांवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मग एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. पहाटेची बॅच, सकाळची बॅच, रिपीटर्सची बॅच. सगळं गाव घड्याळावर पळत होतं आणि त्यात आम्हीही पळत होतो.

अशा घरात ती आली. डेन्मार्कची, सोळा वर्षांची, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच. तिचं नाव आमच्या गल्लीत कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. ती पाहुणीच राहिली. आणि या पाहुणीचा मोठा गुण म्हणजे तिला कशाचीही घाई नव्हती. बुटाच्या नाड्या बांधायला ती बसली की दारात रस्ता बंद. बॅचला निघालेली पोरं तिच्यावरून उड्या मारून जायची. ती वर बघून हसायची आणि दुसरा बूट घ्यायची.

ती आमच्याकडं कशी आली, हे लातूरच्या बाहेर सांगितलं तर कुणाला पटत नाही. शहरातल्या एका क्लबाची योजना होती. परदेशातलं मूल वर्षभर इथल्या घरी राहायचं आणि इथलं मूल तिकडं जायचं. क्लबातले सगळे डॉक्टर, वकील, बंगलेवाले. पण ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी बारावीत, नाहीतर अकरावीत, नाहीतर बारावी परत देणारं. पाहुणी आली तर पोराचा अभ्यास मोडेल. अख्ख्या क्लबात रिकामं घर सापडेना. अध्यक्ष डॉक्टरसाहेबांच्या मुलाला मी शिकवत होते. ते मला म्हणाले, तुमची बहीण अजून दहावीत आहे, तुम्ही ठेवून घ्या, पुढच्या वर्षी तिकडं पाठवायला तिचं नाव घालू. फक्त पाहुणी नाराज व्हायला नको. ती मधेच दुसऱ्या शहरात निघून गेली तर आमच्या हातात काही राहणार नाही.

मी लगेच हो म्हणाले. सुनंदाला विमानात बसवायचं, हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला दुसरं काही दिसेना. नातेवाईक म्हणाले, पोरीचं वर्ष वाया घालवता का. मी ऐकलं नाही. आणि त्या दिवसापासून पाहुणीला खूष ठेवणं हे माझं काम झालं. क्लासमध्ये शंभर पोरांना पेशीविभाजन समजावणं त्यापेक्षा सोपं होतं.

कारण ती कशानं खूष होते हेच कळायचं नाही. तिला खोली दिली, तर ती स्वयंपाकघरात आईच्या शेजारी बसायची. चमचा दिला, तर हातानं खायची. ठेचा नको म्हटलं, तर ठेचाच घ्यायची, डोळ्यांतून पाणी गाळत पुन्हा मागायची. चपात्या लाटायला बसली की एक चपाती होईपर्यंत तवा धुरायचा आणि बाहेर पोरं ताटं वाजवायची. मी म्हणायची, आवर की गं. तिला मराठी आईनं शिकवलेलं, म्हणून ते आईचंच होतं. ती म्हणायची, "कायला?"

या कायला-नं माझा जीव खाल्ला. छत्री घे. कायला? नीट खुर्चीवर बस. कायला? तिला खरंच कारण हवं असायचं. कारण पटलं तर ऐकायची, नाही पटलं तर तिथंच फतकल मारून बसायची. आईला मात्र याचं कौतुक. "इचारती तर इचारू दे की. तुला काय पोटात दुखतंय?" म्हणायची.

दुसरी गोष्ट जयभीमची. आमच्याकडं आल्यागेल्याला जयभीम म्हणतात, हे तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं, आणि भारतात सगळे सगळ्यांना असंच म्हणतात असा समज करून घेतला. दूधवाल्याला जयभीम, पोस्टमनला जयभीम. क्लबाच्या सभेत चांगल्या इस्त्रीच्या साड्या नेसून बसलेल्या बायकांसमोर हात जोडून, खणखणीत आवाजात जयभीम. दोघी-तिघी जागच्या जागी सरकल्या. मी तिला समजावणार होते. मग म्हटलं, का समजवायचं? राहू दे.

दिवाळीच्या जवळपास डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, की पुण्यात तिच्या देशातली मुलं आहेत, ती तिला तिकडं बोलवत आहेत. तिनं अजून हो-नाही केलेलं नाही. मी घरी येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "बघू." हा शब्दही आईचाच. त्या बघू-नं माझी झोप उडाली. म्हटलं, पोरीला आपण लातूरच्या एका गल्लीत कोंडून ठेवलंय, जरा फिरवून आणावं. हैदराबाद जवळ. तिथं मोठा थीम पार्क आहे, निजामाचा महाल आहे. दोन दिवसांत तिचं मन वळवायचं, असं ठरवून उदगीरहून रेल्वेत बसलो. मी, आई, सुनंदा, पाहुणी आणि देगलूरचे मामा. मामांना तेलुगू येतं, म्हणून ते हवेत. हे त्यांनीच ठरवलं होतं.

पार्कात मी सगळ्या खेळांचं एकच तिकीट काढलं, म्हणजे एकही सुटायला नको. पाहुणी दारातच थांबली. तिथं अस्वलाचा झगा घातलेला एक माणूस पोरांशी हात मिळवत होता. तिनं त्याला हात जोडून जयभीम केला. मी कपाळाला हात लावला. तर अस्वलाच्या पोटातून आवाज आला, "जयभीम ताई. कुठून आले तुम्ही?" माणूस मुखेडकडचा निघाला. झालं. मामांनी त्याचे पाहुणेरावळे काढले, देगलूरचे सोयरे जुळवले. सकाळचा थंड वेळ असा अस्वलासंगं गेला. मोठ्या पाळण्याच्या रांगेत मी एकटी जागा धरून उभी.

मग पाळण्यात बसायला पाहुणीनं नकार दिला. असले पाळणे म्हणे तिच्या गावाजवळ आहेत, यापेक्षा मोठे. पाण्याच्या घसरगुंडीवर ती गेली नाही, कारण आई जाणार नव्हती. सुनंदा एकटीच हिरमुसून दोनदा घसरून आली. ऊन वाढलं. मामा म्हणाले, त्या तिकडं एक थंड हॉल आहे, रांगही नाही. बाहेर पडक्या इमारतीचं चित्र होतं. मला वाटलं भुताबिताचा खेळ असेल. बसू जरा गारव्याला, म्हणून आत गेलो.

आत एक रस्ता उभा केला होता. खोट्या इमारती, खोटे दिवे, आणि मधे बसायला बाकं. अंधार झाला आणि खालून आवाज आला. जमिनीच्या पोटातून जड गाडी जावी तसा. मला अजून काही कळायच्या आत आई उठली होती. जमीन हलायच्या आधीच उठली. शेजारच्या बाकावरची चार-पाच वर्षांची एक परकी पोरगी तिनं काखेत मारली, मला दंडाला धरलं आणि दाराकडं ओढत ओरडली, "भाईर निघा. सारे भाईर निघा." वरून भिंत झुकली, धूर सुटला. लोक हसत होते. त्यांना वाटलं ही बाई खेळातलीच आहे. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

आम्ही उन्हात आलो तेव्हा आईच्या काखेत ती पोरगी तशीच होती, रडतही नव्हती. भूकंपाच्या वेळी आमची सुनंदा तेवढीच होती. मागून त्या पोरीची आई तेलुगूत शिव्या देत धावत आली, मामांनी हातापाया पडून तिला समजावलं. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. पुण्याच्या पोरांनी पाहुणीला असलं काही दाखवलं नसतं, एवढंच डोक्यात. मामा आईजवळ उकिडवे बसून म्हणाले, "अक्का, ते खोटं होतं गं. पैसे घेऊन दाखवतेत."

"आवाज खरा होता," आई म्हणाली.

तेवढ्यात पाहुणी दिसली. अनवाणी. नाड्या बांधायला अर्धा तास लावणारी ती, गारव्याला काढलेले बूट आत टाकून पळत आली होती. मी तिला इंग्रजीत दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती झाडाखाली आईच्या शेजारी जाऊन बसली ती पार्क बंद व्हायची शिट्टी होईपर्यंत. मी सुनंदाला घेऊन उरलेले खेळ उरकले. तिकीट काढलं होतं ना. मधून मधून येऊन पाहिलं तर दोघी शेंगा खात बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी महाल. मी ठरवलं होतं, कालचं सगळं आज भरून काढायचं. झुंबरं बघ, पालख्या बघ, जुन्या मोटारी बघ. पाहुणी पहिल्या दालनाच्या दारातून आत डोकावली, "छान," म्हणाली आणि बाहेर कडुलिंबाखाली आईजवळ जाऊन बसली. मामा भयंकर चिडले. निजामाच्या राज्यात त्यांचे आजोबा वेठीला होते, त्यामुळं हा महाल म्हणजे आपल्याच घामाचा, असं त्यांचं म्हणणं. ते मला एकेक खांब दाखवत होते आणि माझं लक्ष खिडकीतून बाहेर.

शेवटी मी बाहेर गेले. बघते तर आई खापराच्या तुकड्यानं मातीत रेघा ओढत होती. ही ओसरी. हितं चूल. हितं रांजण. हितं सासूची बाज. आमचं घर ती काढत होती. इतक्या वर्षांत तिनं आम्हा दोघींना कधी एक शब्द सांगितला नव्हता, आम्हीही विचारलं नव्हतं. विचारायला वेळ कुणाला होता? पाहुणी मात्र एकेका रेघेवर बोट ठेवून विचारत होती. दार कुठं? झोपत कुठं होता? मग बाजेवर बोट ठेवून म्हणाली, "ते परत आत गेले. कायला?"

मी पुढं होऊन तिला गप्प करणार, तर आई शांतपणे म्हणाली, "माय होती त्याची."

पाहुणीनं मान हलवली. कारण पटलं होतं. आई पदरानं तोंड पुसून पुन्हा सांगायला लागली. वडील कसे चालायचे, बाजारातून येताना काय आणायचे. मी आणि सुनंदा मागं उभ्या राहून ऐकत होतो. पहारेकरी आला, म्हणाला, "उठो अम्मा, ह्यां बैठना मना है." आई उठायला लागली. पाहुणीनं त्याला तोंडभर जयभीम करून विचारलं, कायला? त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला त्याची कीव आली. मी खांदे उडवले, तो निघून गेला.

परतीच्या गाडीत मला राहवेना. सरळ विचारलं, पुण्याला जाणार का राहणार, ते सांग, माझ्या बहिणीचं त्यावर आहे. ती म्हणाली, "न्हाई जात." असं आधी का नाही सांगितलंस, मी किती दिवस तळमळतेय, म्हटलं. तर म्हणाली, तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तिच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

तरी मार्चमध्ये घोटाळा झालाच. डॉक्टरसाहेबांचा पुतण्या त्या वर्षी बारावीतून मोकळा झाला, त्यालाच पाठवावं असं निघालं आणि क्लबात कुजबूज सुरू झाली, की खानावळवाल्यांची मुलगी तिकडं कशी निभावणार, इंग्रजी कच्चं, घरात रीतभात वेगळी. सभेला मला बोलावलं होतं. मी माझी पदवी, सुनंदाचे गुण, सगळं सांगून झालं. डॉक्टरसाहेब मान खाली घालून ऐकत होते. मग पाहुणी उठली. साऱ्यांना जयभीम केला, आणि आईच्या मराठीत म्हणाली, "मी हिच्या घरी ऱ्हायले. माझी आई तिकडं सुनंदाची खोली लावून ऱ्हायली. दुसरं कुणी आलं तर माझी आई इचारल, कायला? मी काय सांगू?"

डॉक्टरसाहेब म्हणाले, शब्द दिला होता, तो पाळू.

जूनमध्ये ती गेली. मुंबईची गाडी सुटायची वेळ झाली तरी फलाटावर आईच्या गळ्यात पडून उभी. मी ओरडून ओरडून तिला डब्यात ढकललं. गाडी हलल्यावर लक्षात आलं की माझा चांगला पितळी डबा धपाट्यांसकट तिच्याबरोबर गेला. तो परत आला नाही. अजून आठवला की चीड येते. पत्रं मात्र यायची, सगळी आईच्या नावानं, वाचून दाखवायची मी.

सुनंदा ऑगस्टमध्ये गेली. वर्षभर त्यांच्या घरी राहिली, तिकडच्या शाळेत शिकली आणि परत येऊन एक वर्ष उशिरा बारावी झाली. आज ती नांदेडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. आमच्या घराण्यातून परदेशात शिकून आलेली ती पहिली.