खुरसासमोरच्या विटा

तीन वर्षं मी देवाशी अबोला धरला होता. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच.

आमच्या बोरिवलीच्या गावठाणात, माझ्या घराच्या अंगणात, आजोबांनी उभारलेला खुरीस आहे. दर मे महिन्यात सगळं गाव त्या क्रुसासमोर जमायचं, गुडघे टेकून लदीन, म्हणजे मारियामातेची विनवणी, एका सुरात म्हणायचं, मग उकडलेले चणे वाटले जायचे. लदीनला पाद्री लागत नाही. ती सुरू करायचा मान माझ्या चुलतभावाचा, इनासचा. तीन वर्षांपूर्वी भाड्याने द्यायला मी मागे दोन खोल्या वाढवल्या, कोणीतरी पालिकेकडे तक्रार केली आणि त्या पाडल्या गेल्या. कोणीतरी म्हणजे इनास, असं मी ठरवून टाकलं. सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन दारोदार हिंडून मी एकेक भिंत उभी केली होती. त्या दिवशी अंगणाच्या फाटकाला कुलूप घातलं आणि भर रस्त्यात ओरडले, "आता म्हणा लदीन वाऱ्यावर!"

आई चौऱ्याऐंशीची. मांडीचं हाड मोडल्यापासून खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती. मे लागला की विचारायची, "बाय, यंदा लदीन होईल का गं?" मी म्हणायची, "औषध घे." यंदा तर मी त्याहून पुढे गेले. एका पाडलेल्या चाळीच्या जुन्या विटा घासाघीस करून मिळवल्या आणि खुरसाशेजारी रचून ठेवल्या. रस्त्याच्या बाजूने उंच भिंत घालायची, म्हणजे जाता-येता कोणाला खुरीस दिसायलाही नको. सोमवारी गवंडी यायचा होता.

त्याच आठवड्यात माझी पुढची खोली योसेफने घेतली होती. तो टांझानियातल्या एका खेड्यातला. मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी आला होता. मुलगी आणि बायको हॉस्पिटलात, हा रात्रीपुरता खोलीवर. भाड्यावरून मी त्याला चांगलं पिळलं. तो हसत हो म्हणाला, त्याचाही मला राग आला.

शुक्रवारी दुपारी तो परत आला आणि विटांची रास बघून डोक्याला हात लावून उभाच राहिला. म्हणाला, "मॅडम! इतकी माणसं वाढली तुमची?"

"कुठली माणसं?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

मग त्याने सांगितलं. तो त्यांच्या गावातला धर्मशिक्षक. पाद्री दोन महिन्यांतून एकदा येतो, बाकीच्या रविवारी प्रार्थना हाच घेतो. सुरुवातीला पाच घरं आंब्याखाली बसायची. आता सावली पुरत नाही, शेजारच्या चार गावांतही असंच सुरू झालंय. माझा धंदेवाईक प्रश्न तयारच होता, "फुकट काय वाटता?" तो म्हणाला, "काही नाही. उलट येणाऱ्यालाच आणावी लागते. वीट." तिकडे बाकं नाहीत. नवा माणूस घरून एक वीट भाजून आणतो आणि तिच्यावर बसतो. पुरेशा विटा झाल्या की त्यांची भिंत चढते, माणसं पुन्हा जमिनीवर बसतात, आणि पुन्हा विटा येऊ लागतात. म्हणून क्रुसाशेजारी एवढी रास बघून त्याला वाटलं, इथेही लोक येऊ लागलेत.

माणसांना बाहेर ठेवायला आणलेल्या विटा तो माणसं म्हणून मोजत होता. "हो, वाढलीत," एवढंच पुटपुटले. आयुष्यात भाव करताना हजारदा खोटं बोलले असेन, पण असं खोटं कधी नव्हतं बोलले.

"मग उद्या संध्याकाळी तुमच्या माणसांबरोबर प्रार्थना करीन," तो म्हणाला. "रविवारी सकाळी मुलीचं ऑपरेशन आहे."

शनिवारी मी मुद्दामच बाजारात रेंगाळले. पाचच्या सुमारास आले, तर फाटक सताड उघडं. खुरसासमोर माझ्या विटा ओळीने मांडलेल्या, अगदी वर्गात मुलं बसतात तशा, आणि योसेफ शेवटची ओळ सरळ करत होता. रस्त्यावर अर्धं गावठाण उभं, पण त्यांच्यातलं आत कोणी नाही. फाटकात इनास, पायांतल्या चपला काढून.

"कुलूप कोणी उघडलं?" मी ओरडले.

खिडकीतून आई म्हणाली, "मी दिली योसेफला चावी. दुसरी चावी तीन वर्षं माझ्या उशीखाली आहे. तू आपणहून उघडशील म्हणून थांबले होते. आता नाही थांबवत गं. सगळ्यांना मीच हाका मारल्या."

इनास म्हणाला, "ओरडून घे बाय. पण तू म्हणशील तेव्हाच मी आत येणार."

"तक्रार करताना विचारलं होतंस मला?"

"मी केलीच नाही, हे तीन वर्षं सांगतोय. नाही पटत तर नको पटू दे. म्हातारीला लदीन ऐकू दे."

योसेफला यातलं अक्षरही कळलं नव्हतं. त्याने पुढच्या एका विटेवरची धूळ बाहीने पुसली आणि मला विचारलं, "मॅडम, तुमची वीट कुठली?"

सगळ्याच माझ्या होत्या. एकेक विकत घेतलेली. तरी त्या ओळींत माझी अशी एक वीट मला दाखवता येईना. मी पुसलेल्या विटेवर मटकन बसले आणि मान वर न करता म्हटलं, "ये रे आत. सगळ्यांना घेऊन ये."

लदीन सुरू झाली. "आमच्यासाठी विनंती कर" म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज खिडकीतून येत होता. योसेफ त्याच्या भाषेत त्याच ठेक्यावर म्हणत होता. चणे इनासच्या बायकोने आणले होते. तीन वर्षं दर मे महिन्यात ती ते भिजत घालायची, हेही मला त्या दिवशी कळलं.

मुलगी बरी झाली. त्यात डॉक्टरांचं कसब आहे, मी वाद घालत नाही. गवंड्याला मी परत पाठवलं. आई पावसाळा सरता सरता गेली. तिच्या उशाशी लदीन इनासनेच म्हटली. तक्रार खरंच कोणाची होती, मला आजही ठाऊक नाही. ते प्रभूवर सोपवलंय. सोपवलं की पुन्हा मागायचं नसतं, हे शिकायला मला वेळ लागतोय.

जाताना योसेफने एक वीट मागितली. मी म्हटलं, "विमानात वजन भरेल, वेड्या!" तरी त्याने नेली, आपले दोन शर्ट मागे ठेवून. परवा फोनवर फोटो आला. त्यांची मातकट भिंत, अजून अर्धीच, आणि तिच्यात एकच लालभडक वीट.

खाली लिहिलं होतं, "मॅडम, ही तुमची."